वारसांची जमीन, परवडणारी घरं : पार्श्वभूमी

अमेरिकेच्या दक्षिणेत एखादं कृष्णवर्णीय कुटुंब पणजोबांच्या जमिनीवर परवडणारी घरं बांधायला निघतं, तेव्हा घोडं पैशाआधी मालकीहक्कापाशी अडतं. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कुटुंबांना 1865 मध्ये दिलेलं चाळीस एकर जमिनीचं आश्वासन त्याच वर्षी फिरवलं गेलं. तरीही या समाजाने पैपै जोडून जमिनी घेतल्या. 1910 च्या सुमारास त्यांच्याकडे दीड कोटी एकर जमीन होती. त्यातली बहुतेक पुढे हातची गेली.

कर्ज नाकारणं, करथकबाकीचे लिलाव, धाकदपटशा, सगळंच घडलं. पण सर्वांत चिवट कारण कायद्यातच होतं. वकील परवडत नसे, कोर्टावर भरवसा नसे, त्यामुळे मृत्युपत्र राहून जाई. मग सगळे वारस सहमालक. हिस्सा ठरलेला, हद्द मात्र नाही. पाच मुलं, त्यातल्या एका मयत मुलाची चार मुलं : प्रत्येक नातवाकडे 1/20. तेवढाच हिस्सा विकत घेऊन बिल्डर वाटपाचा दावा लावू शके. तुकडे पाडणं व्यवहार्य नाही म्हणत कोर्ट अख्खी जमीन लिलावात काढी. रोख रक्कम नातेवाइकांकडे नसे, जमीन कवडीमोलाने जाई. हे कायदेशीर होतं. न्याय्य कधीच नव्हतं.

2010 च्या नमुना कायद्याने (राज्यांनी स्वीकारावा म्हणून केलेला मसुदा) विक्रीआधी मूल्यांकन आणलं. विक्री मागणाऱ्याचा हिस्सा घ्यायचा की नाही, हे इतरांनी 45 दिवसांत कळवायचं. पैसे भरायला किमान 60 दिवस. जॉर्जिया राज्याने तो 2012 मध्ये स्वीकारला. मात्र अविभक्त हिश्श्यावर बँक सहसा कर्ज देत नाही, म्हणून हा हक्क अनेकदा कागदावरच राहतो.

दुसरी वाट 1969 ची. नागरी हक्क चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी जॉर्जियाच्या ली काउंटीत सुमारे 5,700 एकर जमीन सामूहिक विश्वस्त मालकीत घेतली. त्या विचारामागे आपल्याकडच्या ग्रामदानाचीही प्रेरणा होती. दुष्काळ आणि भेदभावाने अडवलेलं सरकारी कर्ज यांमुळे 1985 मध्ये ती गेली. रचना मात्र टिकली : जमीन ट्रस्टची, घर राहणाऱ्याचं, 99 वर्षांचा भाडेपट्टा, फेरविक्रीची किंमत सूत्राने बांधलेली.

कुटुंबाने ही रचना घ्यायची तर आधी मृत्युदाखल्यांसह वंशावळ, मग वारसांची प्रतिज्ञापत्रं. कुणी सापडत नसेल तर हक्कनिश्चितीचा दावा. थकीत कर भरून सगळे हिस्से एकाच संस्थेच्या नावे करायचे. त्यानंतरच मोजणी आणि सेप्टिक टँकसाठी मातीची चाचणी. हा क्रम उलटला, तर नकाशे तयार असूनही बांधकामकर्ज मिळत नाही.