केनियातील सफारीसाठी प्रवास-परवानगी, लस, सामान आणि मुक्काम: कागदपत्रे व त्यांचा क्रम

केनियाला जाणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांना पूर्वी व्हिसा घ्यावा लागत असे. जानेवारी २०२४ पासून त्याऐवजी ई-टीए, म्हणजे निघण्यापूर्वी ऑनलाइन घ्यायची प्रवास-परवानगी, आवश्यक झाली आहे. व्हिसा गेला म्हणून कागदपत्रेही कमी झाली, असे मात्र समजू नये. या अर्जात येण्या-जाण्याच्या विमानांचा तपशील आणि मुक्कामाच्या आरक्षणाचा पुरावा मागितला जातो. त्यामुळे आधी निवास, मग तिकीट आणि त्यानंतर अर्ज हाच क्रम सोयीचा ठरतो.

केनियात उतरण्याच्या तारखेपासून पुढे किमान सहा महिने पासपोर्ट वैध असावा आणि त्यात एक तरी पान कोरे असावे. पासपोर्टच्या माहितीच्या पानाची स्पष्ट प्रत, अलीकडचे छायाचित्र, विमानप्रवासाचा तपशील आणि निवासाचे आरक्षणपत्र जोडून प्रत्येकाने स्वतंत्र अर्ज करायचा असतो. तान्ह्या मुलाचाही अर्ज वेगळाच भरावा लागतो. मूळ शुल्क ३० डॉलर असून कार्डाने भरताना थोडा अधिभार लागतो. निर्णय साधारणपणे तीन कामकाजाच्या दिवसांत येतो, तरीही प्रवासाच्या दोन-तीन आठवडे आधी अर्ज करणे शहाणपणाचे आहे. सरकारी संकेतस्थळासारखीच दिसणारी आणि चढे शुल्क आकारणारी खासगी संकेतस्थळे बरीच आहेत, म्हणून पैसे भरण्यापूर्वी पत्ता केनिया सरकारचाच आहे याची खात्री करावी.

पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते आणि त्याचा फटका बहुधा परतताना बसतो. केनिया हा पीतज्वराचा धोका असलेला देश मानला जातो. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात येणाऱ्या प्रवाशाकडे वैध प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरले जाते आणि जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. ही लस फक्त केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मान्यता दिलेल्या केंद्रांवरच घ्यावी. बऱ्याच केंद्रांवर ती ठरावीक वारीच मिळते, म्हणून वेळ आधी घ्यावी आणि मूळ पासपोर्ट सोबत न्यावा. साठी ओलांडलेल्या व्यक्ती, गर्भवती, अंड्याची तीव्र ॲलर्जी असणारे किंवा प्रतिकारशक्ती कमी असणारे यांनी तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. प्रमाणपत्रावरील नाव आणि पासपोर्ट क्रमांक तिथल्या तिथे तपासून घ्यावेत.

सामानाचा नियम मुंबईहून निघताना नव्हे, तर नैरोबीत अडतो. आंतरराष्ट्रीय विमान जोमो केन्याटा विमानतळावर उतरते, तर मसाई मारा या अभयारण्याकडे जाणारी छोटी विमाने शहरातल्या विल्सन विमानतळावरून सुटतात. बॅगा ताब्यात घेऊन मधले अंतर आपणच रस्त्याने पार करायचे असते आणि नैरोबीची वाहतूक कोंडी लक्षात घेता दोन विमानांमध्ये चार-पाच तास तरी हवेत. माराच्या धावपट्ट्यांवरील विमानसेवा दिवसाउजेडीच चालते, म्हणून दुपारनंतर पोहोचणाऱ्यांनी पहिली रात्र नैरोबीत काढावी. या छोट्या विमानांत हातातल्या पिशवीसह साधारण १५ किलो सामानाची मुभा असते आणि बॅग मऊ कापडाचीच लागते, कारण कडक कवचाची सुटकेस सामानाच्या अरुंद कप्प्यात बसत नाही. कॅमेरा आणि मोठी लेन्स याच वजनात धरली जाते. जास्तीचे सामान नैरोबीच्या हॉटेलात पावती घेऊन ठेवता येते. केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि जून २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांसारख्या संरक्षित क्षेत्रांत एकदा वापरून टाकायच्या प्लॅस्टिकच्या बाटल्याही नेता येत नाहीत. घरचा खाऊ कापडी पिशवीत किंवा डब्यात भरावा.

निवास ठरवताना दोन प्रश्न लेखी विचारून घ्यावेत. पहिला, जवळची धावपट्टी कोणती? कीकोरोक, ओल किओम्बो, मुसियारा अशा अनेक धावपट्ट्या आहेत आणि एकच विमान त्यांतल्या दोन-तीन ठिकाणी थांबत जाते. तिकीट चुकीच्या धावपट्टीचे निघाले, तर कॅम्पची गाडी भलत्याच टोकाला उभी राहते. दुसरा, कॅम्प अभयारण्याच्या आत आहे की बाहेर, आणि प्रवेशशुल्क दरात धरले आहे का? परदेशी प्रौढ पर्यटकासाठी हे शुल्क जानेवारी ते जून दररोज १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे, त्यामुळे चार जणांच्या कुटुंबाचा हिशेब त्यावर बराच पालटतो. आत मुक्काम करणाऱ्यांना निघण्याच्या दिवशी सकाळी दहापर्यंत अभयारण्याबाहेर पडावे लागते, अन्यथा त्या दिवसाचे शुल्क पुन्हा भरावे लागते. म्हणून परतीचे विमान शक्यतो सकाळचे घ्यावे किंवा दुपारच्या विमानामुळे लागणारे जादा शुल्क कोण सोसणार, हे आरक्षणपत्रातच लिहून घ्यावे.