उपद्रव आणि प्रदूषण: वास एकच, पण जायचं कुणाकडे?

‘साहेब, तीनदा अर्ज दिला. दर वेळी तुमचा माणूस येतो, बघतो आणि जातो.’ मी महापालिकेत स्वच्छता निरीक्षक होतो तेव्हा चाळीत मागच्या खोलीत राहणाऱ्या एका काकूंनी मला हे सुनावलं होतं. त्यांच्या खिडकीखालच्या गटारातून डोळे चुरचुरतील असा तिखट वास यायचा. वरच्या अंगाला नळाच्या तोट्यांना निकेल प्लेटिंग करणारा गाळा होता. प्लेटिंगच्या आधी माल ॲसिडात बुडवून साफ करतात, त्याचं धुवण थेट गटारात. आमच्या माणसाने पाहिलं तर गटार तुंबलेलं नाही, कचरा नाही, डासांच्या अळ्याही नाहीत. त्याने शेरा मारला, ‘गटार वाहते आहे, तक्रारीत तथ्य नाही.’ त्याने लिहिलं ते खरं होतं आणि काकूंचं म्हणणंही खरं होतं. त्या पाण्यात अळीसुद्धा जगत नव्हती, म्हणून ती दिसली नाही.

असे अर्ज मी पुढे शेकड्याने पाहिले. लोक ‘घाण’ असा एकच शब्द लिहितात. कायद्यात मात्र त्या घाणीचे दोन वेगळे शब्द आहेत, उपद्रव आणि प्रदूषण, आणि दोन्हींची दारं वेगळी आहेत.

उपद्रव हा महापालिकेचा शब्द. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये त्याची व्याख्या आहे. डोळ्यांना, नाकाला, कानांना त्रास देणारी किंवा जिवाला, आरोग्याला, मालमत्तेला धोका असणारी कोणतीही कृती, जागा किंवा वस्तू म्हणजे उपद्रव. नुसती तशी शक्यता असली तरी पुरे. मला ही व्याख्या फार मोलाची वाटते, कारण तिच्यात माणसाच्या नाकाला किंमत आहे. फुटलेलं ड्रेनेज, गच्चीवरची उघडी टाकी, कोंबड्यांच्या दुकानामागची पिसं, यासाठी निरीक्षकाला प्रयोगशाळा लागत नाही. बॅटरी घ्यायची, वाकून बघायचं, पंचनामा करायचा, नोटीस द्यायची. मुदतीत काम झालं नाही तर महापालिका स्वतः करून खर्च वसूल करू शकते.

प्रदूषण हा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा विषय. मंडळाची स्थापना ७ सप्टेंबर १९७० ची, म्हणजे केंद्राचा १९७४ चा जल कायदा येण्याच्याही आधीची. इथे नाकावर भागत नाही, मर्यादेशी ताडायला आकडा लागतो. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, ७ च्या जितका खाली तितकं जास्त आम्ल) ५.५ ते ९ च्या दरम्यान हवा आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन, सर्वसाधारणपणे लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत.

तो आकडा मिळवण्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. क्षेत्र अधिकारी बर्फाची पेटी घेऊन येतो. विश्लेषणासाठी नमुना घेत असल्याची नोटीस मालकाला जागेवरच देतो. मालकासमोर पाण्याचे दोन भाग करतो, दोन्ही डब्यांवर खुणा घालून सील लावतो आणि दोघांच्या सह्या होतात. मालकाने मागणी केली तर दुसरा भाग वेगळ्या प्रयोगशाळेत जातो. ही रीत चुकली तर अहवाल कोर्टात पुरावा म्हणून टिकत नाही. म्हणूनच ‘साहेब आले आणि काहीच न करता गेले’ असं कधीकधी वाटतं. त्या वेळी गाळा बंद असेल, पाणी वाहत नसेल, तर नमुना कशाचा घेणार? अर्जात ‘मंगळवार आणि शुक्रवारी रात्री नऊनंतर सोडतात’ एवढं लिहिलं तरी अर्धं काम होतं.

कागदही वेगवेगळे आहेत. महापालिकेचा कलम ३७६ खालचा परवाना म्हणजे अमुक धंदा या जागेत, या अटींवर करायला हरकत नाही. मंडळाचं संमतीपत्र, म्हणजे सांडपाणी किंवा धूर सोडणारा धंदा करायची परवानगी, दोन टप्प्यांत मिळतं, आधी उभारणीसाठी, मग चालवण्यासाठी. ‘आमच्याकडे लायसन आहे’ म्हणून मालकाने कागद पुढे केला की तो कोणता, हे वाचून बघा. एक असला म्हणजे दुसराही असतोच असं नाही.

काही ठिकाणी मात्र दोघांनाही यावं लागतं. मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर यायला सांगितलं, तेव्हा जबाबदारी महापालिकेवरही आली आणि मंडळावरही. लाउडस्पीकरचं तेवढं या दोघांकडे नेऊ नका, ते पोलिसांत सांगा.

आणि महापालिकाच घाण करत असेल तर? प्रक्रिया न करता मैलापाणी नदीत सोडलं तर मंडळ महापालिकेलाही नोटीस काढतं. उपद्रवासाठी दंडाधिकाऱ्याकडेही जाता येतं. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी तेच केलं होतं. रस्त्याकडेच्या उघड्या गटारांची घाण आणि मद्यार्क कारखान्याचं दुर्गंधीचं पाणी, दोन्ही एकाच अर्जात. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी नगरपालिकेची ‘पैसे नाहीत’ ही सबब फेटाळली. निकाल जुना आहे, पण नगरसेवकाने निधीचं कारण सांगितलं की तो आजही काढून दाखवावा असा आहे.

काकूंचा चौथा अर्ज मी त्यांच्याजवळ बसून लिहून दिला, मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाच्या नावाने. ‘घाण वास’ काढून ‘प्लेटिंगचे ॲसिडमिश्रित पाणी, रोज सकाळी सहा ते सात’ असं घातलं. अधिकारी सकाळी साडेसहाला आले. सामू तपासायची पट्टी गटारात धरली आणि ती लगेच लाल झाली. डबे भरले, सील झाले, मालकाने सही केली. मग अधिकाऱ्यांनी संमतीपत्र मागितलं. ते गाळ्याकडे नव्हतंच. नमुन्याचा अहवाल यायच्या आत त्या एका नसलेल्या कागदावर नोटीस निघाली.