सेकंदाला साठ हाका

नव्वदच्या दशकात आपल्याकडे ज्याला सरसकट 'टीव्ही गेम' म्हणत, ते यंत्र माझ्या चुलतभावाकडे होतं. कॅसेट काढायची, तळाला फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. दिवाळीच्या सुट्टीत 'सुपर मारिओ ब्रदर्स' आम्ही इतका खेळलो की त्याच्या पहिल्या पातळीची धून मला आजही झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल. पुढे बऱ्याच वर्षांनी तीच धून संगणकावर, जपानी यंत्रावर वाजायची तशी ऐकली, आणि ती चुकलेली वाटली. पट्टी जवळजवळ तीच होती. पण लय घाईची होती, आवाजाचा पोतही निराळा होता.

लहानपणीच्या आठवणी अशाच असतात, असं म्हणून मी तो विषय सोडणार होतो. पण नंतर कळलं की आठवण बरोबर असू शकते आणि फरकाचं कारण यंत्राच्या पोटात आहे. ते समजून घ्यायचं तर हे संगीत संगणकावर 'वाजतं' म्हणजे काय होतं, इथून सुरुवात करावी लागते.

एमपी३ फाइलमध्ये ध्वनिमुद्रण असतं. जुन्या जपानी खेळांच्या संगीताच्या फायली, म्हणजे एनएसएफ प्रकारच्या, वेगळ्या असतात. त्यांत मुद्रित गाणं नसतं, कॅसेटमधला संगीत वाजवणारा प्रोग्राम जसाच्या तसा उचलून ठेवलेला असतो. तो बारीकसा असायलाच हवा होता, कारण 'सुपर मारिओ ब्रदर्स'चा अख्खा खेळ, चित्रं आणि संगीतासकट, ४० किलोबाइटचा. तेवढ्या जागेत १२८ केबीपीएसचं एमपी३ गाणं जेमतेम अडीच सेकंद मावतं. म्हणून १९८५ साली कोजी कोंडो यांनी रचलेलं संगीत कॅसेटमध्ये आकड्यांच्या रूपात होतं: कुठला स्वर, किती वेळ, कुठल्या आवाजात. ते वाचून प्रत्यक्ष नाद काढायचा तो यंत्रातल्या चिपने, तिथल्या तिथे, दर वेळी नव्याने. आपला संगणक ती फाइल उघडतो तेव्हा तो त्या चिपचं सोंग घेतो.

निंटेंडो या कंपनीचं फॅमिकॉम हे खेळाचं मूळ यंत्र जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आलं. त्यातल्या रिको कंपनीच्या चिपमध्ये मुख्य प्रोसेसर आणि वाद्यवृंद एकत्रच होते. वाद्यवृंद पाच चॅनेलचा. दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक खरखरीचा आणि एक छोटे मुद्रित आवाज वाजवणारा. त्रिकोणी लहर खरी त्रिकोणी नाही, ती सोळा पायऱ्या चढते आणि सोळा उतरते. शिवाय तिचा आवाज कमी-जास्त करता येत नाही, चालू किंवा बंद एवढंच. म्हणून तिला बहुतेक वेळा खर्जाचं काम मिळालं. खरखरीचा चॅनेल पंधरा बिटांच्या एका रांगेला ढकलत ढकलत आकडे काढतो. ते यादृच्छिक वाटतात, पण ३२,७६७ पावलांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. ढोल, झांज, स्फोट, सगळं त्यातूनच.

चौकोनी लहरींत मला सर्वांत जास्त रस आहे. अशी लहर फक्त दोनच गोष्टी करते: वर जाते, खाली येते. पण एका फेऱ्यात ती किती वेळ वर थांबते त्यावर आवाजाचा रंग ठरतो. निम्मा वेळ वर असेल तर मूळ स्वराबरोबर फक्त विषम उपस्वर उमटतात, म्हणजे तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे. वरातीच्या बँडमधल्या क्लॅरिनेटच्या खालच्या सप्तकाचा पोकळ, गोलसर आवाज आठवा, तोही मुख्यतः विषम उपस्वरांवरच उभा असतो. पाव वेळ वर असेल तर समउपस्वरही येतात, फक्त दर चौथा गायब होतो, आणि आवाज उजळ, धारदार लागतो. एक अष्टमांश वेळ असेल तर पातळ आणि नाकातला.

आता आपल्या टीव्ही गेमकडे या. ती यंत्रं बहुतेक फॅमिकॉमची नक्कल होती, आणि नक्कल केलेल्या काही चिपमध्ये पाव आणि निम्मा या दोन खुणांची अदलाबदल झालेली होती. मूळ धून जिथे गोल, तिथे नक्कल धारदार. पोत वेगळा वाटण्याचं हे एक कारण असू शकतं.

लयीचं कारण याहून मोठं. फॅमिकॉममध्ये संगीताच्या प्रोग्रामला पडद्यावरचं चित्र बदलताना दर वेळी एकदा हाक मारली जाते, आणि तो त्या हाकेला एक पाऊल पुढे सरकतो. जपानी टीव्हीवर चित्र सेकंदाला साठ वेळा बदलायचं. भारतातला टीव्ही पॅल नावाच्या प्रसारणपद्धतीचा, तो पन्नास वेळा. हाका कमी झाल्या की लयही तेवढी मंदावते: जपानमध्ये ९० सेकंदांत संपणारी धून पॅल यंत्रावर १०८ सेकंद चालते. स्वराची उंची मात्र चित्रावर नाही, प्रोसेसरच्या ठोक्यावर ठरते. जपानी यंत्राचा ठोका सेकंदाला सुमारे १७.९ लाख, आणि पॅलसाठी बनवलेल्या बऱ्याच नकलांचा सुमारे १७.७ लाख. एवढ्याने स्वर एका अर्धस्वराच्या सहाव्या हिश्शाइतका उतरतो, कानाला सहसा कळतही नाही. युरोपातल्या अधिकृत यंत्राचा ठोका १६.६ लाखांवर आला होता. तिथे आकडे बदलून घेतले नाहीत तर धून एका अर्धस्वराहून जास्त उतरायची. म्हणजे पट्टीच्या बाबतीत स्वस्त नक्कल अस्सल युरोपीय यंत्रापेक्षा जपानच्या जवळ होती.

संगणकाला हे सोंग हुबेहूब घेणं सोपं नाही. चिप सेकंदाला जवळपास १८ लाख क्षण मोजते, आणि संगणकाचं ध्वनिकार्ड साधारण ४४,१०० नमुने, म्हणजे लहरीच्या उंचीचे आकडे, घेतं. एका नमुन्यामागे चाळीस क्षण. लहरीची कड कुठल्याही क्षणी येऊ शकते. ती जवळच्या नमुन्यावर ढकलून दिली तर जे उपस्वर इतक्या नमुन्यांत मावत नाहीत, ते खाली दुमडून भलत्याच स्वरांवर उमटतात. सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं, तोच प्रकार कानाला होतो. उंच स्वरांमागे एक किरकिर येत राहते. अनेकांना वाटतं की जुन्या खेळांचा आवाजच असा. तो तसा नाही. चांगले प्लेअर प्रत्येक कड थोडी गुळगुळीत करून अनेक नमुन्यांवर पसरवतात, आणि किरकिर जाते. 'गेम म्युझिक इम्यू' हे मुक्त सॉफ्टवेअर हे काम सुरेख करतं, आणि व्हीएलसीसारख्या नेहमीच्या प्लेअरमध्येही त्याचा वापर होतो.

अशा प्लेअरमध्ये चॅनेल एकेक करून बंद करता येतात, आणि तिथे संगीतकारांची कारागिरी उघडी पडते. तीन स्वर एकत्र वाजवायला चॅनेल नाहीत? मग ते एकाच चॅनेलवर इतक्या झपाट्याने आळीपाळीने वाजवायचे की कान त्यांना एकत्र बांधतो. घुमारा हवा? तीच ओळ दुसऱ्या चॅनेलवर किंचित उशिरा, हलक्या आवाजात. शिवाय खेळाचे इतर आवाजही याच पाचांतून काढायचे. मारिओ उडी मारतो तेव्हा दोन चौकोनी चॅनेलपैकी एक उडीसाठी ओढून घेतला जातो आणि संगीतातली तेवढी ओळ तुटते. आम्ही तर सतत उड्याच मारत होतो! त्या धुनेतली जोडओळ मी सलग अशी पहिल्यांदा ऐकली ती तिशी उलटल्यावर, संगणकावर. मूळ सुरावटीच्या खालून ती किती डौलात चालते!

कॅसेटमध्येच जादा वाद्यं घालण्याची सोयही जपानी फॅमिकॉममध्ये होती, कारण आवाजाची वाट कॅसेटमधून जायची. कोनामीच्या १९८९ सालच्या 'आकुमाजो देन्सेत्सु'मध्ये एक वेगळी चिप आहे, ती आणखी दोन चौकोनी आणि एक करवतीच्या दात्यांसारखी लहर देते. परदेशी यंत्रात ही वाट ठेवलेली नव्हती, त्यामुळे तिकडच्या आवृत्तीसाठी संगीत पाच चॅनेलमध्ये पुन्हा बसवावं लागलं. दोन्ही एकामागून एक ऐकून पाहा. जपानी रूपातला भरणा छातीत जाणवतो.

फॅमिकॉमनंतर आलेल्या १९९० च्या सुपर फॅमिकॉममध्ये पद्धतच बदलली. सोनीमध्ये केन कुतारागी यांनी तयार केलेली तिची ध्वनिव्यवस्था खऱ्या वाद्यांचे मुद्रित तुकडे आठ चॅनेलवर वाजवते. पण त्यासाठी स्मृती ६४ किलोबाइट, म्हणजे पूर्ण दर्जाचा आवाज चार सेकंदही नाही. एवढ्यात व्हायोलिन, बासरी, नगारे आणि वर प्रतिध्वनीची जागा. तिच्या संगीताच्या एसपीसी प्रकारच्या फायली म्हणजे त्या स्मृतीचा एका क्षणी घेतलेला ठसा.

माझ्या धुनेचं राहिलं. एनएसएफ फाइलच्या सुरुवातीला १२८ बाइटचं एक पान असतं. त्यात खेळाचं नाव, संगीतकाराचं नाव, आणि दोन हाकांमध्ये किती मायक्रोसेकंद थांबायचं तो आकडा. माझ्या फायलीत तो १६,६६६ होता. मी तो २०,००० केला आणि प्लेअरमध्ये पाव-निम्म्याची अदलाबदल चालू केली. दादाला फोन लावून काही न सांगता ऐकवलं. दोन ओळी झाल्यावर तो म्हणाला, "अरे, हे आपल्या टीव्हीवरचं आहे." आता माझ्याकडे त्या धुनेच्या दोन फायली आहेत, एक जपानची, एक आमच्या दिवाळीच्या सुट्टीची. दोन्हींत फरक दोन बाइटचा.