पार्श्वभूमी : ‘अवतार’चे चाहते आणि पात्रनिवडीचा वाद

ॲनिमेशन मालिकांमध्ये अल्पसंख्य समाजांना न्याय्य स्थान मिळावे म्हणून चाहते आज ज्या मोहिमा चालवतात, त्यांची रीत मुख्यतः डिसेंबर २००८ नंतर, ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेवरील चित्रपटाच्या पात्रनिवडीच्या वादातून घडली. त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९६४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘जॉनी क्वेस्ट’मध्ये कोलकात्याचा, फेटा बांधणारा आणि मंत्र पुटपुटून चमत्कार करणारा हाजी होता, आणि पुढे कित्येक वर्षे अमेरिकी कार्टूनमधला भारतीय साधारण त्याच साच्यातून निघत राहिला. १९९९ मध्ये ‘स्पीडी गोन्झालेस’ या मेक्सिकन उंदराची कार्टूने आक्षेपार्ह ठरतील या भीतीने एका वाहिनीने दाखवणे थांबवले. तेव्हा ज्या समाजासाठी ही काळजी घेतली गेली, त्याच लॅटिनो समाजातील प्रेक्षकांनी आपला उंदीर परत मागितला आणि २००२ मध्ये तो परत आला. आमच्या वतीने परस्पर निर्णय घेऊ नका, हे प्रेक्षकांनी स्टुडिओंना ठणकावून सांगितल्याचे हे एक लवकरचे उदाहरण आहे.

‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ ही मालिका २००५ ते २००८ या काळात तीन पर्वांत आणि ६१ भागांत प्रसारित झाली. तिचे कथानक येथे सांगण्याची गरज नाही; जल, पृथ्वी, अग्नी आणि वायू यांपैकी एकेका तत्त्वावर हुकमत चालवण्याची विद्या असलेले चार समाज तिच्यात आहेत, एवढे पुरे. महत्त्वाचे हे की, तिच्या जगात युरोप नव्हताच. जलजमातीचे कपडे, घरे आणि चेहरे आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांवरून घेतलेले होते, वायुभटक्यांचे मठ तिबेटी वळणाचे होते, पडद्यावर दिसणारी अक्षरे चिनी होती, आणि चारही विद्यांच्या हालचाली ताई ची, शाओलिन यांसारख्या खऱ्या चिनी युद्धकलांवर बेतलेल्या होत्या. आशियाई आणि आदिवासी वंशाच्या अमेरिकी मुलांना आपल्यासारखे दिसणारे नायक या मालिकेत प्रथमच इतक्या सहजपणे भेटले.

डिसेंबर २००८ मध्ये या मालिकेवरील चित्रपटाची पात्रनिवड जाहीर झाली आणि चारही प्रमुख भूमिका गोऱ्या कलाकारांना मिळाल्याचे कळले. वाद येथून पेटला. प्रमुख भूमिकांसाठी निघालेल्या जाहिरातीत ‘कॉकेशियन किंवा अन्य कोणत्याही वंशाचे’ उमेदवार मागवले होते. शब्दांत दार सर्वांना उघडे होते, परंतु नाव घेऊन बोलावलेला वंश एकच होता, आणि चाहत्यांनी नेमके त्यावर बोट ठेवले. गर्दीच्या प्रसंगांसाठी माणसे गोळा करताना उमेदवारांना पारंपरिक वेशात येण्यास सांगितले गेले. कोरियन असाल तर किमोनो घालून या, अशी सूचना एका जबाबदार व्यक्तीने दिली. किमोनो जपानचा, आणि कोरियाने जपानची वसाहतवादी राजवट पस्तीस वर्षे सोसलेली आहे. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या सूचनेने चाहत्यांचा संशय पक्का केला : आशियाई संस्कृती सजावटीसाठी हवी होती, आशियाई माणसे मात्र मागच्या रांगेत.

फेब्रुवारी २००९ मध्ये चारपैकी एक कलाकार बाहेर पडला आणि त्याच्या जागी भारतीय वंशाचा ब्रिटिश अभिनेता आला. भूमिका अग्निराष्ट्राच्या हद्दपार राजपुत्राची होती. हे राष्ट्रही मालिकेत पूर्व आशियाई वळणाचेच होते. चित्रपटात मात्र त्याच्या बहुतेक प्रमुख भूमिका दक्षिण आशियाई आणि मध्यपूर्वेतील वंशाच्या कलाकारांकडे गेल्या. परिणामी जग वाचवणारे गोरे आणि जग जाळणारे सावळे, अशी विभागणी पडद्यावर उभी राहिली. नायकाला साथ देणारी दोन भावंडे ज्या जलजमातीची, तिच्या गावातील बहुतेक माणसे आदिवासी चेहऱ्यांची होती आणि ही दोघे भावंडे मात्र गोरी होती. दिग्दर्शक स्वतः भारतीय वंशाचा, पुदुच्चेरीतील माहे येथे जन्मलेला. आपला चित्रपट सर्वाधिक वैविध्य असलेल्या चित्रपटांपैकी आहे आणि जपानी शैलीच्या चित्रांतील चेहरे मुळातच कोणत्याही एका वंशाचे नसतात, असा त्याचा बचाव होता. हा बचाव प्रामाणिक असेल, तरी तो पुरेसा नाही. वैविध्य मोजताना किती रंगांची माणसे आहेत एवढेच पाहून भागत नाही. कोणत्या रंगाच्या माणसाला कथेत कोणते काम दिले आहे, हेही पाहावे लागते.

गोव्यातील वाचकाला ही तक्रार चटकन समजेल. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात हिंदू सुमारे ६६ टक्के आणि ख्रिस्ती सुमारे २५ टक्के आहेत. हिंदी पडद्यावरचा गोमंतकीय मात्र बव्हंशी ख्रिस्ती असतो, आणि तोही हातात बाटली घेतलेला, मोडके हिंदी बोलणारा. म्हणजे जो समाज दिसतो त्याचे विडंबन होते, आणि शिगमो, जत्रा, धालो, दशावतारी नाटक यांत वाढलेला पेडणे-फोंड्याचा मराठी किंवा कोंकणी बोलणारा माणूस दिसतच नाही. २००३ मध्ये अनुसूचित जमातींत समाविष्ट झालेले गावडा, कुणबी आणि वेळीप समाज तर त्याहून मागे, समुद्राकडे धावणाऱ्या नायकाच्या पाठीमागच्या दृश्यात कुठेतरी. जलजमातीच्या गावातील त्या माणसांची जागा यापेक्षा वेगळी नव्हती.

मोहिमेची साधने साधी होती. प्रथम पत्रे लिहिली गेली, हाताने आणि टपालाने, कारण ती कार्यालयाला नजरेआड करता येत नाहीत असा सुरुवातीच्या कार्यकर्त्यांचा विश्वास होता. २००९ मध्ये त्यातून एक कायमस्वरूपी गट उभा राहिला, आणि प्रसारमाध्यमांतील आशियाई चित्रणावर पूर्वीपासून लक्ष ठेवणाऱ्या एका संघटनेने त्याच्यासोबत बहिष्काराची हाक दिली. निर्मिती कंपनीने विविधतेविषयी आस्था व्यक्त केली, परंतु पात्रनिवड बदलली नाही. जुलै २०१० मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा चित्रपटगृहाबाहेर निदर्शने झाली. सुमारे १५ कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभरात ३१ कोटींहून अधिक गल्ला जमवला, पण समीक्षकांनी तो झोडपून काढला आणि नियोजित पुढचे भाग निघाले नाहीत. ही मोहीम हरली असे म्हणणाऱ्यांनी फक्त गल्ला पाहिलेला असतो.

तिची एक उणीव मात्र नोंदवली पाहिजे. मूळ मालिकेतही नायकाला आणि दोन्ही जलजमाती भावंडांना आवाज देणारे कलाकार गोरेच होते. तेव्हा चाहत्यांचा भर दिसणाऱ्या चेहऱ्यावर होता. ऐकू येणाऱ्या आवाजाचा प्रश्न पुढे दुसऱ्याच मालिकेतून ऐरणीवर आला. ‘द सिम्पसन्स’मधील अपू हा भारतीय दुकानदार १९९० पासून एका गोऱ्या अभिनेत्याच्या आवाजात बोलत होता, आणि त्या उच्चारांवरून शाळेत चिडवले गेलेली भारतीय वंशाची एक पिढी अमेरिकेत वाढली होती. २०१७ मध्ये त्यावर माहितीपट निघाला. पुढच्या वर्षी मालिकेने एका भागात या टीकेला खांदे उडवून उत्तर दिले आणि राग वाढला. जानेवारी २०२० मध्ये त्या अभिनेत्याने हा आवाज सोडल्याचे सांगितले, आणि जूनमध्ये, अमेरिकेतील वर्णद्वेषविरोधी आंदोलनाच्या काळात, गौरेतर पात्रांना यापुढे गोरे कलाकार आवाज देणार नाहीत असे मालिकेने जाहीर केले. इतर काही मालिकांतील गोऱ्या कलाकारांनीही त्याच आठवड्यात अशा भूमिका सोडल्या.

‘अवतार’च्या परिवारात बदल आधीच सुरू झाला होता. २०१२ ते २०१४ मधील ‘द लेजंड ऑफ कोरा’ची नायिका जलजमातीची, सावळी तरुणी होती, आणि अखेरच्या प्रसंगात ती आपल्या मैत्रिणीचा हात धरून निघते, हे प्रेमच असल्याचे निर्मात्यांनी नंतर स्पष्टपणे सांगितले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मूळ कथेवर खऱ्या कलाकारांची मालिका आली, तेव्हा आशियाई व आदिवासी वंशाच्या कलाकारांचा शोध हा निवडीचा उघड निकष होता. २००८ मध्ये पत्रांतून मागितले गेले होते, ते जवळजवळ तसेच. त्यानंतर हाती घेतलेल्या ॲनिमेशन चित्रपटासाठी मूळ आवाज बाजूला ठेवून पात्रांच्या वंशाशी जुळणारे कलाकार निवडण्यात आले आहेत. या वेळी नाराजी आहे ती जुन्या आवाजांवर जीव असलेल्या चाहत्यांची.