प्रगत मॉड्युलेशन, बिनतारी जाळ्यांतील

वाहक लहरीची उंची, फेज (लहर आवर्तनात कुठे आहे ते) किंवा वारंवारता संदेशानुसार बदलणे म्हणजे मॉड्युलेशन. ५जीमध्ये हे दोन टप्प्यांत होते. आधी बिटांचे गट क्यूएएमच्या, म्हणजे उंची व फेज दोन्ही बदलण्याच्या पद्धतीच्या, जाळीतील बिंदूंवर बसवतात (२५६-क्यूएएममध्ये एका बिंदूला ८ बिट), मग ते बिंदू ओएफडीएम पद्धतीने एकाच वेळी चालणाऱ्या अनेक बारीक वाहक लहरींवर, म्हणजे उपवाहकांवर, वाटतात. ३३०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात उपवाहकांमधील अंतर ३० किलोहर्ट्झ धरले, तर १०० मेगाहर्ट्झ रुंदीत ३,२७६ उपवाहक मावतात.

ओएफडीएमचा खरा आधार म्हणजे सायक्लिक प्रिफिक्स. प्रत्येक ३३.३ मायक्रोसेकंदांच्या सिम्बॉलच्या (एका वेळी पाठवलेल्या लहरीच्या तुकड्याच्या) शेपटाची नक्कल त्याच्या पुढे जोडलेली असते. तिची लांबी २.३४ मायक्रोसेकंद, म्हणजे सुमारे ७०० मीटर प्रवास. मुख्य लहरीपेक्षा एवढ्याच जादा अंतरापर्यंतचे पडसाद त्रास देत नाहीत. घोडबंदर रस्त्यावरील उंच इमारतींमधले बहुतेक पडसाद यात बसतात. ठाणे खाडीकडे तोंड असलेल्या सेक्टरचे (एका अँटेनाने व्यापलेल्या भागाचे) तसे नाही. पाण्यावरून लहर विनाअडथळा पसरते आणि पलीकडच्या इमारतींवरून किंवा पारसिकच्या डोंगरावरून दोन-तीन किलोमीटर जादा फिरून आलेला पडसाद पुढच्या सिम्बॉलवर चढू शकतो. सिग्नल भरपूर दिसतो, डेटाचा वेग मात्र पडतो. अशा ठिकाणी पहिला उपाय अँटेनाचा कल खाली करण्याचा. मॉड्युलेशनला दोष देण्याची घाई करू नये. २६ गिगाहर्ट्झला, १२० किलोहर्ट्झ अंतरावर, प्रिफिक्स ०.५९ मायक्रोसेकंदांचाच उरतो, पण तिथे बीम अरुंद असल्याने लांबचे पडसाद मुळातच कमी.

क्यूएएमची जाळी जितकी दाट तितकी चूक कमी खपते. बेस स्टेशनच्या ईव्हीएमची (बिंदू आपल्या जागेपासून किती ढळतो त्या मापाची) कमाल मर्यादा चारच बिंदूंच्या क्यूपीएसकेला १७.५ टक्के, ६४-क्यूएएमला ८ टक्के, तर २५६-क्यूएएमला ३.५ टक्के आहे. ओएफडीएममध्ये अनेक उपवाहक एकदम जुळले की शिखर सरासरीच्या १० डेसिबलपेक्षाही वर जाते आणि ॲम्प्लिफायर ते छाटतो. म्हणून आधी शिखरे मुद्दाम बोथट करतात आणि डिजिटल प्रीडिस्टॉर्शनने ॲम्प्लिफायरचा वाकडेपणा उलटा घालून सरळ करतात. मोबाइलमध्ये एवढी ऐपत नसते. सेलच्या कडेला त्याला डीएफटी-स्प्रेड ओएफडीएम वापरायला सांगतात. त्यात शिखरे कमी राहतात.

वाहनाचा वेग वाढला की दुखणे बदलते. ताशी १०० किलोमीटरने धावणाऱ्या ठाणे–वाशी लोकलमध्ये ३.५ गिगाहर्ट्झला डॉपलर सरक (गतीमुळे वारंवारतेत पडणारा फरक) सुमारे ३२४ हर्ट्झ, म्हणजे उपवाहक-अंतराच्या जेमतेम १ टक्का. सगळी सरक एकसारखी असेल तर रिसीव्हर ती काढून टाकतो. पुढून-मागून आलेल्या पडसादांची सरक वेगवेगळी असते, आणि त्यातून उपवाहक एकमेकांत मिसळतात. लोकलमध्ये ही मिसळ फार तर उणे ३४ डेसिबल, म्हणजे २५६-क्यूएएम चालेल. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन खाडीखालच्या बोगद्यातून शिळफाट्याला वर येऊन पुढे ताशी ३२० किलोमीटर गाठेल, तेव्हा सरक १,०३७ हर्ट्झ आणि मिसळ उणे २४ डेसिबलपर्यंत. मग ६४-क्यूएएमवर उतरावे लागते.

याच अडचणीवर २०१७ मध्ये मांडलेली पद्धत म्हणजे ओटीएफएस. हिच्यात बिंदू विलंब आणि डॉपलर अशा दोन अक्षांच्या चौकटीत ठेवतात, सिम्प्लेक्टिक फूरिए रूपांतराने ते काल-वारंवारतेच्या जाळीवर पसरवतात आणि पुढे नेहमीसारखे प्रक्षेपण करतात. प्रत्येक पडसाद या चौकटीत एका विलंबाचा व एका सरकेचा ठिपका होतो. चॅनल (लहरीची वाट) मोजायला एक जोरदार पायलट, म्हणजे आधीच ठाऊक असलेला खुणेचा बिंदू, आणि त्याभोवती रिकाम्या घरांचे कुंपण पुरते. हे कुंपण किती रुंद ठेवायचे यावरच पद्धतीचा नफा-तोटा ठरतो.

अडचण डॉपलरच्या बारकाव्याची आहे. ३० किलोहर्ट्झ अंतरावर १६ सिम्बॉल घेतले तर एक डॉपलर घर १,८७५ हर्ट्झचे, म्हणजे बुलेट ट्रेनच्या सरकेनेही एक घर पूर्ण भरत नाही. ठिपका शेजारच्या घरांत सांडतो आणि पायलटचे कुंपण ओलांडतो. ६४ सिम्बॉल घेतले की घर ४६९ हर्ट्झचे होते, पण अख्खी चौकट हाती येईपर्यंत २.१३ मिलिसेकंद थांबावे लागते. ५जीचा एक स्लॉट यात अर्ध्या मिलिसेकंदाचा असतो. शिवाय रिसीव्हरला सगळे बिंदू एकत्र सोडवावे लागतात, त्यामुळे प्रत्येक उपवाहकाला एकेका भागाकाराने सरळ करण्याची ओएफडीएममधली सोय जाते आणि चिपवरील गणिताचा भार वाढतो. ठाण्याच्या लोकलसाठी एवढा खटाटोप परवडणारा नाही.