दगडी बाणाग्रे व आदिम बाण (गोवा)

गारगोटी, चर्ट (गारगोटीच्या जातीचा बारीक कणांचा दगड), अकीक अशा कठीण दगडांची नखाएवढी पाती किंवा टोके बाणाच्या काडीत बसवून शिकार करण्याची अश्मयुगीन पद्धत. इतक्या लहान हत्यारांना पुरातत्त्वात सूक्ष्मास्त्रे म्हणतात. त्यांची लांबी साधारण १ ते ५ सेंटिमीटर असते. भारतात ती प्रथम ए. सी. एल. कार्लाइल यांनी १८६७-६८ च्या सुमारास विंध्य परिसरात नोंदवली. गोव्यात हा विषय झुआरी, तिची उपनदी कुशावती आणि म्हादई यांच्या खोऱ्यांच्या संदर्भात येतो.

दगडी बाण म्हटले की पानाच्या आकाराचे, बुडाशी खाचा असलेले, दोन्ही अंगांनी घडवलेले एकसंध टोक डोळ्यांसमोर येते. ते रूप मुख्यतः उत्तर अमेरिकेतले. भारतातील मध्याश्मयुगीन बाण बहुधा जोडकामाचा असे. एक टोकदार पाते अग्रभागी, आणि एक-दोन चंद्रकोरी किंवा त्रिकोणी पाती बाजूला काट्यासारखी, अशी सगळी राळेत रोवलेली. मध्य प्रदेशातील भीमबेटकाच्या शैलचित्रांत असे काटेरी बाण धरलेले शिकारी आहेत. त्यामुळे सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, फिरताना ‘बाण’ शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. हाती लागू शकते ते त्या बाणाचे एखादे पाते, आणि ते सहसा खडी समजून ओलांडले जाते.

गोव्याबाबत आणखी एक गल्लत नेहमी होते. दूधसागर नदीकाठच्या शिगाव येथे आणि झुआरीच्या खोऱ्यात पुराश्मयुगीन हत्यारे मिळाली आहेत. ती हातात धरून वापरायची जड हत्यारे असून धनुष्याच्या कितीतरी आधीची आहेत. त्यांच्यावरून बाणांबद्दल काहीच सांगता येत नाही. शिवाय जांभ्याची माती आम्लधर्मी असल्याने तिच्यात हाड विरघळते, आणि लाकूड तर कुजतेच. म्हणून येथील बाणांविषयी बोलताना शेजारचा आधार घ्यावा लागतो. मुंबईच्या किनाऱ्यावरील सूक्ष्मास्त्रे के. आर. यू. टॉड यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रकाशात आणली. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे सूक्ष्मास्त्रांसोबत शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले. उत्तर प्रदेशातील सराय नाहर राय येथे एका मानवी सांगाड्यात दगडी पाते रुतलेले आढळले, म्हणजे ही पाती केवळ जनावरांवर चालत नव्हती. श्रीलंकेतील फा-हिएन लेणा गुहेतली सुमारे ४८,००० वर्षांपूर्वीची हाडाची टोके बाणांची असावीत असे अभ्यासक मानतात. राळेने चिकटवलेल्या पात्यांसह आख्खी काडी टिकली ती युरोपातल्या दलदलीत. स्वीडनमधील लोशुल्टचे बाण हे त्याचे चांगले उदाहरण.

दगड. गोव्याचा सडा जांभ्याचा, आणि जांभा या कामी निरुपयोगी. त्याचे चिरे निघतात, धारदार छिलके निघत नाहीत. धार धरणारा दगड काचेसारखा फुटावा लागतो. नदीच्या गोट्यांत आणि खडकातल्या शिरांत पांढरी गारगोटी मुबलक मिळते, पण तिच्यात आतून भेगा असतात आणि ती मनाला येईल तशी फुटते. चर्ट तिच्याहून बरा. अकीक आणि तत्सम दगड दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत तयार होतात, आणि बेसाल्टचा हा थर गोव्यात फक्त सत्तरी तालुक्याच्या ईशान्य कोपऱ्यात डोकावतो. गोव्यातल्या कारागिराला घाटावरच्या कारागिराइतका सरस दगड पायाशी मिळत नव्हता.

घडण. गोट्याचा माथा उडवून सपाट बैठक केली की गाभा तयार होतो. बैठकीच्या कडेला शिंगाची किंवा हाडाची छिन्नी टेकवून तिच्यावर ठोका दिला, किंवा अंगाचा भार देऊन नुसते दाबले, की लांब अरुंद पाते एकामागून एक सुटते. प्रत्येक पाते मागे कंगोरा सोडते आणि पुढचे पाते त्याच कंगोऱ्याच्या आधाराने निघते. उरलेल्या गाभ्यावर उभ्या पन्हळी दिसतात, आणि जाणकार पात्यांआधी असा गाभाच शोधतात. पाती मोडून तुकडे करतात व प्रत्येक तुकड्याची एक बाजू बारीक टवके काढून मुद्दाम बोथट करतात. ही बोथट बाजू राळेत जाते, धारेची बाहेर राहते. अकिकासारखा दगड आधी मंद आचेवर तापवला तर अधिक सुबक फुटतो. गुजरातेत खंबातचे अकीक कारागीर आजही दगड तापवतात आणि जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळीवर टेकवून शिंगाच्या हातोडीने फोडतात. ज्याला हे तंत्र समजून घ्यायचे आहे त्याने खंबातचे काम पाहावे, चित्रफितींपेक्षा ते कितीतरी जास्त शिकवते.

काडी आणि धनुष्य. खरी मेहनत दगडात नसून काडीत आहे. पाती बसवायला काही मिनिटे पुरतात, पण काडी वाळवून, विस्तवावर शेकून सरळ करायला अनेक दिवस जातात. दगड फक्त काही ग्रॅमचा असतो. अग्र जड झाले तर हलकी काडी वाकडी उडते, म्हणून बाणाग्र लहानच हवे. लहान टोके फक्त पाखरांसाठी असत हा समज चुकीचा आहे, मोठ्या जनावरालाही तीच चालत. गोव्याच्या रानात या कामाचे सगळे साहित्य आहे. काडीला चिवार (बारीक बांबू) किंवा वेत, धनुष्याला लवचीक धामण (हिचे संस्कृत नावच धनुर्वृक्ष), दोरीला केवणीच्या सालीचा वाख, चिकटवायला धुपाची राळ आणि रानमेण. नुसती राळ ठिसूळ होते, म्हणून तिच्यात मेण आणि कोळशाची पूड मिसळतात. घायपाताचा दोरही चांगला होतो, पण ते झाड अमेरिकेतून आलेले, त्यामुळे अश्मयुगाची नक्कल करताना ते चालणार नाही. चांदकुड्याचा विषारी चीक आग्नेय आशियात बाणांना लावत. हे झाड पश्चिम घाटातही आहे, मात्र तेवढ्यावरून येथेही विषारी बाण होते असा निष्कर्ष काढता येत नाही.

शिकार. दगडी बाण धडकेने मारत नाही, कापून रक्तस्राव करतो. जनावर क्वचितच जागीच कोसळते, त्यामुळे माग काढणे हे नेमबाजीइतकेच मोलाचे. दाट रानात पंधरा-वीस मीटरच्या आत पोचल्याशिवाय बाण सोडण्यात अर्थ नसतो. काटेरी पाती जखमेत अडकतात व जनावर पळताना जखम रुंदावते. हाडावर आपटलेल्या पात्याचे टोक विशिष्ट रीतीने तुटते, आणि भिंगाखाली दिसणाऱ्या या तुटीवरूनच ते बाणाचे होते की चामडे कापण्याचे, हे ठरवतात.

कुशावतीकाठी सांगे तालुक्यातील उसगाळीमळ (पणसायमळ) येथील कातळशिल्पे १९९३ मध्ये प्रकाशात आली. कोकणातील कातळशिल्पांसोबत हे स्थळ २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे. तेथे वशिंडाचे बैल, हरणे, चक्रव्यूह आहेत. सत्तरीतील म्हाऊस येथेही जनावरे कोरलेली आहेत. त्यांना सरसकट शिकारीची चित्रे म्हणण्याचा मोह टाळावा. कातळशिल्पांचा काळ ठरवणे अवघड आहे, आणि वशिंडाचा बैल शिकाऱ्याचा असू शकतो तसा गुराख्याचाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार आज शिकार गुन्हा आहे, हत्यार दगडी असले तरी. हौशी मंडळी पुठ्ठ्यावर किंवा गवताच्या भाऱ्यावर नेम धरतात आणि सरावासाठी बाटलीचा जाड बूड फोडतात. काचही तशीच फुटते, आणि कॅलिफोर्नियात १९११ साली पुढे आलेला इशी हा ‘याही’ जमातीचा आदिवासी बाटलीच्या काचेची सुंदर बाणाग्रे करी. डोळ्यांना चष्मा, मांडीवर जाड चामडे आणि काम उघड्यावर हवे, कारण दगडाची धूळ फुप्फुसात साठते. टवके मात्र सड्यावर किंवा नदीकाठी टाकू नयेत. ते गोळा करून पुरावेत आणि सोबत चालू सालाचे एखादे नाणे ठेवावे, म्हणजे पुढे कोणी उत्खनन केले तर नवे काम जुन्यात मिसळणार नाही.