मेलेल्या हरणाची मांडी का थरथरते?

कातडं सोललेल्या हरणाच्या मांडीचा स्नायू थरथरतोय आणि खाली कुणीतरी लिहिलंय, ‘आत्मा अजून अडकलाय.’ परदेशी शिकाऱ्यांचे असे व्हिडिओ अधूनमधून फिरत येतात. (आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार गुन्हा ठरते, पण कोंबडी कापताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही फडफड ओळखीची असेल.) आत्म्याचं मला ठाऊक नाही. थरथरीला सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम पुरतात.

डोक्यात गोळी लागताच हरीण पाय झाडतं, ते वेगळं प्रकरण. मेंदू मज्जारज्जूला एरवी आवरून धरत असतो. तो आवर सुटला की पळण्याची लय निर्माण करणाऱ्या मज्जारज्जूतल्या चेतापेशी काही वेळ आपल्याच मर्जीने चालत राहतात. हृदयात गोळी बसलेलं हरीण धावत सुटतं ते तर मेंदूत उरलेल्या ऑक्सिजनवर. तो काही सेकंदच पुरतो, पण हरणाला तेवढे सेकंद पुष्कळ झाले.

नंतर मांस कापताना दिसणारी थरथर मात्र मेंदूची नाही आणि मज्जारज्जूचीही नाही. ती स्नायुपेशीची स्वतःची. पेशीच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त. ही तफावत राखणारा पंप पेशीच्या पटलात असतो. एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचा) एक रेणू खर्चून तो सोडियमचे तीन आयन (विद्युतभारित अणू) बाहेर टाकतो, पोटॅशियमचे दोन आत घेतो. त्यामुळे विसावलेल्या स्नायुपेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ९० मिलिव्होल्ट ऋण असते. रक्त थांबलं म्हणून पेशी लगेच मरत नाही. साठ्यातलं क्रिएटिन फॉस्फेट आणि ग्लायकोजेन (स्नायूत साठवलेली साखर) वापरून ती ऑक्सिजनशिवाय एटीपी बनवत राहते. साठा आटू लागला की पंप मंदावतो आणि व्होल्टेजचा फरक घटत जातो. तो एका मर्यादेपर्यंत घटला की सोडियमच्या वाहिन्या एकदम उघडतात, पेशीतल्या कोठारातून कॅल्शियम सुटतं, ते ट्रोपोनिन या राखणदार प्रथिनाला चिकटतं आणि मायोसिन या प्रथिनाला ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाचे धागे ओढायची वाट मोकळी होते. स्नायू उडतो. सुरीचा धक्का किंवा चिमूटभर मीठ एवढं निमित्तही पुरतं.

इटलीतल्या बोलोन्याच्या गॅल्व्हानी या शास्त्रज्ञाने मेलेल्या बेडकाचे पाय विजेने उडवण्याचे आपले प्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचा भाचा आल्दिनी १८०३ मध्ये लंडनला फाशी गेलेल्या माणसाच्या प्रेताला विजेचे झटके देऊन लोकांना थक्क करत होता. आजचे व्हिडिओ त्याच जत्रेतले.

मला खरी गंमत वाटते ती पुढे. स्नायू आखडायला ऊर्जा लागते हे आपण शाळेत शिकतो. सैल व्हायलाही लागते हे सहसा कुणी सांगत नाही. मायोसिनचं डोकं ॲक्टिनला धरून खेचतं, पण एटीपीचा नवा रेणू येऊन बसल्याशिवाय ती पकड सुटत नाही. रस्सीखेचीत दमलेल्या गड्याला मूठ उघडायलाही बळ उरू नये, तसं. म्हणून एटीपी संपला की शरीर ढिलं पडत नाही, ताठतं. जनावर दमवून, पळवून मारलं असेल तर ग्लायकोजेन आधीच उडालेलं असतं. असं जनावर लवकर ताठतं. शिवाय ग्लायकोजेनपासून लॅक्टिक आम्लही कमी बनतं. एरवी मांसाचा पीएच (आम्लतेचं माप; आम्ल वाढलं की हा आकडा उतरतो) ७ च्या आसपासून ५.५ पर्यंत उतरतो; इथे तो वरच राहतो आणि मांस काळपट, चिकट होतं.

ताठण्याआधीच मांस थंड करण्याची घाईही नडते. न्यूझीलंडचे संशोधक लॉकर आणि हॅगयार्ड यांनी १९६३ मध्ये गोमांसावर दाखवून दिलं, की ताज्या स्नायूला शून्याच्या जवळपास नेलं तर तो जोरात आखडतो. गारठ्यात कॅल्शियम कोठारात परत ओढलं जात नाही, आणि एटीपी अजून शिल्लक असल्याने ओढाओढ चालूच राहते. असं मांस शिजवलं तरी चिवट लागतं.

जाणते शिकारी जनावर मेलं की नाही हे मांडीवरून ठरवत नाहीत. ते मागच्या बाजूने जवळ जातात आणि लांब काठीने उघड्या डोळ्याला हळूच स्पर्श करतात. पापणी मिटली तर मेंदूचा देठ (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा भाग) अजून चालू आहे, आणि दुसरी गोळी ताबडतोब झाडावी लागते.